पेट्रॉव्ह कोण?

मास्तरांच्या तोंडात आता चारच शब्द उरले होते, आणि चारही बुद्धिबळातले. सिसिलियन, लंडन, फ्रेंच आणि पेट्रॉव्ह. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताना जो माणूस गिऱ्हाइकाशी, गिऱ्हाईक नसलं तर घड्याळाशी आणि घड्याळ नसलं तर भिंतीशी बोलत आला, त्याच्याकडे शेवटी चार शब्द उरावेत आणि त्यांत ‘पाणी’ नसावं, हा कुठला न्याय? पाणी हवं असलं की ते डाव्या हातानं पेल्याकडे बोट दाखवायचे. उजवा हात पक्षाघाताचा झटका आला त्या दिवशी गेला होता, तो अजून परत आला नव्हता.

बुद्धिबळात डावाची सुरुवात करायच्या ठरलेल्या पद्धती असतात आणि प्रत्येक पद्धतीला नाव असतं. ती नावं मास्तरांच्या जिभेवर आयुष्यभर होती. डॉक्टरांनी तेच कारण दिलं. म्हणाले, “सवयीचे शब्द तेवढे मागे राहतात. कुणी आकडे म्हणत बसतं, कुणी शिव्या देतं. यांचं हे आहे. त्यात अर्थ शोधू नका.”

शोधू नका म्हटल्यावर गप्प बसेल ती मास्तरांची धाकटी कसली! ही धाकटी आता एकेचाळीस वर्षांची होती. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे ठसे यायचे आणि त्यावरून ती हुबेहूब कवळ्या बनवायची. मूळ दात जरासा वाकडा असेल तर तिचाही दात तेवढाच वाकडा. लग्न केलं नव्हतं, वडिलांच्याच घरात राहत होती, आणि झटका आल्यापासून रजेवर होती. रजा सोमवारी संपत होती.

बुधवारी तिचा थोरला भाऊ शुश्रूषागृहाचा अर्ज घेऊन आला. दादा विमा कंपनीत होता. सगळं भरून आणलं होतं, फक्त दोघांच्या सह्या बाकी होत्या.

“मी काही त्यांना टाकून देत नाहीये,” दादा म्हणाला. “तिथं नर्स आहेत, व्यायाम करून घेणारी माणसं आहेत. इथं तू दिवसभर कामावर. आणि आपण कोण हेच त्यांना कळत नसेल, तर त्यांना घर काय नि दुसरी जागा काय?”

“कळतं त्यांना.”

“कशावरून? या चार शब्दांवरून? अगं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“रविवारपर्यंत थांब, दादा. ते काय म्हणतायत ते मी शोधून काढते. कळत असेल तर ते इथंच राहतील. मी अर्धा दिवस काम करीन, काहीही करीन. आणि नाही शोधता आलं, तर सगळ्यात आधी माझी सही.”

दादानं अर्ज घडी न मोडता कपाटावर ठेवला. “रविवार,” तो म्हणाला. वडील आतून म्हणाले, “पेट्रॉव्ह.”

धाकटीनं हे एक कोडं आहे असं धरलं आणि हुशार माणसं करतात ती चूक केली, म्हणजे फार हुशारी केली. जुना पट काढला. चारही पद्धतींच्या पहिल्या खेळी मांडल्या, कुठलं मोहरं कुठल्या घरात जातं ते कागदावर लिहिलं, घरांना आकडे दिले, आकड्यांची अक्षरं केली. अक्षरांतून काही निघेना, तेव्हा पटावरच्या त्या घरांना दोऱ्यानं जोडून पाहिलं. छत्रीच्या मुठीसारखं काहीतरी तयार झालं. तिनं ते वडिलांपुढे धरलं. त्यांनी पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि सूपच्या वाटीकडे बोट केलं.

गुरुवारी सकाळी बेकरीवाला पाव घेऊन आला. मास्तरांचा जुना दोस्त, सत्तरीचा, अंगाला कायम यीस्टचा वास. दारातूनच त्याला पाहून मास्तर म्हणाले, “सिसिलियन!”

“हजर, मास्तर!” बेकरीवाला म्हणाला आणि पाव स्टुलावर ठेवून पलंगाशी बसला.

धाकटीच्या हातातली बशी हातातच राहिली. डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटली, कारण हे तिला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिनं ते आठवायचं नाही असं ठरवलं होतं, एवढंच.

मास्तरांच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी मंडळी खेळायला जमायची, तोच त्यांचा क्लब. तिथं एक रीत होती. नव्या माणसानं दहा डाव खेळायचे. तोवर मास्तर त्याच्या खेळाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. अकराव्या रविवारी तो आला की टेबलावर क्लबाची वही उघडी असायची आणि त्याच्या नावापुढे डावाच्या सुरुवातीचं एक नाव लिहिलेलं असायचं, त्याच्या खेळावरून आणि स्वभावावरून मास्तरांनी निवडलेलं. ते आपलं आपण वाचायचं. आधी सांगायचं नाही, विचारायचं नाही. एका माणसाला एकच नाव, तेही त्या खोलीपुरतं. बेकरीवाला कधी सरळ वाटेनं यायचा नाही, बाजूनं घुसून मारामारी करायचा, म्हणून सिसिलियन. दादा आधी दार लावून घ्यायचा आणि मग बाहेर कोण आलंय ते विचारायचा, म्हणून फ्रेंच. ते दार त्यानं पुढे आयुष्यातही फारसं उघडलं नाही, पण ते असो.

धाकटी त्या खोलीत नवव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत खेळली. दहा नव्हे, शेकडो डाव. बाप्या माणसांना हरवलं. दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन टेबलाशी उभी राहायची. वही उघडी असायची, पण कुणा दुसऱ्यासाठी. तेराव्या वर्षी एका रविवारी ती गेलीच नाही. अभ्यास आहे म्हणाली. वडिलांनी एका शब्दानंही विचारलं नाही, आणि तिनं तेच उत्तर धरलं: आपण नाव देण्याच्या लायकीच्या नाही. त्यानंतर तिनं पटाला हात लावला तो काल, दोरा गुंडाळायला.

तर बेकरीवाला तासभर बसून गेला आणि गंमत अशी की त्या दिवशी सिसिलियन हा शब्द परत आलाच नाही. धाकटीनं लगेच क्लबातल्या औषधवाल्याला फोन केला. दुकान बंद करून तो दुपारी आला. समोरचा काहीही खेळो, हा आपली मोहरी त्याच क्रमानं त्याच जागी मांडणार. नाकासमोर चालणारा माणूस. त्याला बघून मास्तर म्हणाले, “लंडन,” आणि मग संध्याकाळपर्यंत लंडनही थांबलं.

शुक्रवारी दादाला बोलावलं. तो खोलीत शिरला, मास्तर म्हणाले, “फ्रेंच.” दादानं वडिलांचं पांघरूण उगाच सारखं केलं. पण मग तो स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाला, “ठीक आहे. तीन सुटले. चौथ्याचं काय? मी इथं अर्धा तास बसलो, त्यात त्यांनी मला एकदा हाक मारली आणि त्या पेट्रॉव्हला नऊ वेळा. कोण हा पेट्रॉव्ह? मला तर आठवत नाही.”

“मलाही नाही.”

“मग? जो माणूस नाहीच, त्याला जो दिवसभर हाका मारतो, तो शुद्धीत आहे असं मी कसं मानू? पेट्रॉव्ह आणून दाखव, मी अर्ज फाडतो.”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पेट्रॉव्ह हा शब्द सगळ्यांत जास्त येत होता. सकाळी धाकटी पडदा सरकवायला गेली की पेट्रॉव्ह. अंग पुसताना पेट्रॉव्ह. ती दार लोटून बाहेर निघाली की जरा मोठ्यानं, पेट्रॉव्ह.

संध्याकाळी बेकरीवाला आणि औषधवाला क्लबाची वही घेऊन आले. बोट ठेवून त्यांनी एकशे सतरा नावं वाचली. पेट्रॉव्ह नव्हता.

“तो उंच प्लंबर होता ना, तो असणार,” बेकरीवाला म्हणाला.

“तो वहीत डच होता,” औषधवाला म्हणाला. “राजा उघडा टाकून हिंडायचा. तुला कधी काही आठवलंय का? आपला उंटावरचा शहाणा!”

“बरं, तू सांग मग.”

“पेट्रॉव्ह म्हणजे कसं, पांढऱ्यानं जे केलं तेच काळ्यानं करायचं. त्यानं प्यादं सरकवलं, यानं प्यादं सरकवलं. त्यानं घोडा काढला, यानं घोडा काढला. थोड्या खेळी ठीक आहे, पण पुढं तसंच चालू ठेवलं तर मेलात. आता असा नक्कल करणारा आपल्यात होता कोण?”

“कुणी नाही. असल्याला मास्तरांनी दारात उभं केलं नसतं.”

दोघे गेल्यावर धाकटी वडिलांजवळ बसली. वडील तिच्याकडे बघत होते आणि म्हणत होते, पेट्रॉव्ह, पेट्रॉव्ह. तिला त्या पेट्रॉव्हचा मत्सर वाटला. वय एकेचाळीस, वडील असे पडलेले, आणि हिला मत्सर! पण वाटला, ते काय लपवायचं? बेकरीवाल्याला नाव, औषधवाल्याला नाव, दादाला नाव, आणि शिल्लक राहिलेला एकुलता एक शब्दही कुणा परक्याच्याच वाट्याला.

“मी आहे ना इथं, बाबा,” ती म्हणाली. “मी चालत नाही का?”

“पेट्रॉव्ह,” मास्तर म्हणाले आणि वैतागून त्यांनी डोळे मिटले.

शनिवारी सकाळी वडिलांजवळ बेकरीवाल्याला बसवून ती दुकानात गेली. क्लबाची वही परत जागेवर ठेवायची होती, एवढंच निमित्त. वही फळीवर ठेवताना पुठ्ठ्यावरचा कागद तिला दिसला. मास्तरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: वही क्रमांक दोन.

इतकी वर्षं इतक्या माणसांनी ती वही हाताळली, पण एक नंबरची वही कुठाय, असं एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. खोलीत पहिल्या दिवसापासून हीच वही होती, मग हीच पहिली, असं सगळ्यांनी धरलेलं.

तिनं दुकान उलटंपालटं केलं. काट्यांचे खण, पट्ट्यांचे खण, भिंगांचा डबा. शेवटी बाकाखालच्या सगळ्यात खोल खणात, घड्याळांच्या काचांच्या पुड्यांखाली, शाळकरी मुलांची असते तसली एक वही सापडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: “पांढरे: मी. काळे: पेट्रॉव्ह. वय वर्षे सहा. बैठक: खुर्चीवर दोन उश्या.”

दोन उश्या. एक निळी, एक शिवण उसवलेली. धाकटी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसली. त्या उश्यांवर बसायची ती तीच.

खालोखाल डाव लिहिले होते, एकेका पानावर एकेक. दुकानात छोटा प्रवासी पट होता, तो उघडून तिनं पहिलं पान खेळून पाहिलं. बाबांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, पेट्रॉव्हनं तेच केलं. बाबांचा घोडा बाहेर, हिचाही घोडा बाहेर. त्यांच्या घोड्यानं हिचं प्यादं मारलं, हिच्या घोड्यानं त्यांचं. त्यांनी वजीर राजासमोर आणला, हिनंही आणला. त्यांच्या वजिरानं हिचा घोडा मारला, हिच्या वजिरानं त्यांचा. आता दोन्ही वजीर पटाच्या मधोमध, एकमेकांना नाक लावून उभे. आणि सहावी खेळी पांढऱ्याची. हिचा वजीर फुकटात मारायचा, तोही शह देऊन. डाव तिथंच संपला असता. फुकटचं मोहरं सोडलं म्हणून ज्या मास्तरांनी भल्याभल्यांची सालं काढली, त्या मास्तरांनी सहाव्या खेळीला काय केलं होतं?

डाव्या कडेचं प्यादं एक घर सरकवलं होतं.

आणि सहा वर्षांच्या पेट्रॉव्हनं? समोर त्यांचा वजीर तसाच फुकटात उभा असताना तिनंही त्याच कडेचं आपलं प्यादं एक घर सरकवलं होतं. बाबांनी केलं ते करायचं, एवढंच तिला कळत होतं. सातवी खेळी, उजव्या कडेचं प्यादं. हिचंही. पुढे सतराव्या खेळीपर्यंत दोन्ही वजीर समोरासमोर उभे होते, आणि खाली शेरा होता: “पेट्रॉव्हला झोप आली. डाव उद्या.” धाकटीनं पानं उलटली. पानोपानी हेच. तेच दोन वजीर, तीच कडेची प्यादी.

वही तेव्हाही त्यांनी टेबलावर उघडी ठेवली असणार, तिनं आपलं नाव आपण वाचावं म्हणून. सहा वर्षांच्या पोरीला मास्तरांचं ते मुंगीच्या पायांचं अक्षर वाचता येणार कुठून, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. शेवटच्या पानावर, ती नऊ वर्षांची झाली त्या साली, लिहिलं होतं: “पेट्रॉव्ह आजपासून दुकानामागच्या खोलीत खेळणार. आता नक्कल करीत नाही, मला दोनदा हरवले. पण नाव आहेच. एका माणसाला एकच नाव. इतरांनाही आता अशी नावे द्यावीत असा विचार आहे.”

म्हणजे ती रीतच तिच्यापासून सुरू झाली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण हिनं तर अठ्ठावीस वर्षांचा वळसा घातला होता. धाकटी त्या बंद दुकानात मोठ्यानं रडली. स्वतःसाठी रडली, आणि त्याहून जास्त त्या माणसासाठी, जो पडदा सरकवणाऱ्या मुलीला रोज सकाळी नावानं हाक मारत होता आणि ती मुलगी विचारत होती, कोण?

रविवारी दादा पेन घेऊनच आला. वडील उश्यांना टेकून बसले होते, पुढ्यात पट मांडलेला, पांढरी मोहरी त्यांच्याकडे. धाकटी समोर खुर्चीवर.

“पेट्रॉव्ह,” मास्तर म्हणाले.

“हजर, बाबा.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तोंडाची जी बाजू हलत होती ती हलली. मग डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. तिनंही सरकवलं. घोडा, घोडा. प्यादं मारलं, प्यादं मारलं. मोहरं कधी घराच्या रेघेवर बसत होतं, पण चुकीच्या घरात एकही गेलं नाही. दादा आधी दारात होता, मग पलंगाच्या पायथ्याशी आला. शेवटी तोही त्या खोलीतला खेळाडू. दोन्ही वजीर नाकाला नाक लावून उभे राहिले तसा त्यानं श्वास रोखला.

“मारा, बाबा,” तो पुटपुटला.

मास्तरांचा हात वजिराच्या डोक्यावरून गेला आणि डाव्या कडेचं प्यादं एक घर पुढं झालं.

दादानं श्वास सोडला. “बघितलंस?” त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता. “फुकटचा वजीर. बाबांना! समोर असून दिसला नाही. आता तरी पटलं?”

धाकटीनं आपल्या कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

“अगं, तुलाही दिसत नाही का? त्यांचा वजीर फुकट आहे!”

तिनं शाळकरी वही उघडून त्याच्या हातात दिली. दादानं पहिली ओळ वाचली. तिच्याकडे पाहिलं, परत वहीत पाहिलं. दोन उश्यांपाशी थोडा थांबला. त्यांतली उसवलेली त्याचीच होती. मग बोट ठेवून तो एकेक खेळी खाली येऊ लागला, वहीतून पटावर, पटावरून वहीत.

“सहावी, डाव्या कडेचं प्यादं, एक घर,” त्यानं वाचलं. “काळ्याचंही तेच. सातवी, उजव्या कडेचं...”

त्यानं मान वर केली. मास्तरांचा डावा हात उजव्या कडेच्या प्याद्यावर आधीच पोचला होता.

प्यादं एक घर पुढं झालं. दादानं खिशातलं पेन काढून खिडकीत ठेवलं, कपाटावरचा अर्ज घेतला, तो आडवा फाडला आणि अर्धा तुकडा वहीत खूण म्हणून घातला. मग खुर्ची ओढून तो दोघांच्या मधे बसला.

“चल, पेट्रॉव्ह,” तो बहिणीला म्हणाला, “तुझी खेळी.”